मासळीची उलटी बाजू

दारव्ह्याला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचो, त्या घरमालकांनी, काकाजींनी, पहिल्याच दिवशी मला बजावलं, की दुपारी दोन ते चार घरात फोडणी द्यायची नाही. पाणी कोणत्या विहिरीचं, सरपण कुठं ठेवायचं, हे सगळं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं. काकाजींनी एवढं एकच सांगितलं आणि ते आत निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला दमा असेल. तिसऱ्या दिवशी मी विसरले. अडीच वाजता तेलात मिरच्या टाकल्या आणि मधल्या भिंतीपलीकडून एकामागून एक सात शिंका आल्या. थोड्या वेळानं काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, यायची सकाळपासूनची मेहनत उडाली व."

उडाली म्हणजे खरोखरच उडाली होती. रेशमाचा एक धागा घ्यायचा, त्याचे आठ पदर करायचे, आठाचे सोळा करायचे, आणि ते केसाहून बारीक पदर ओल्या पाटावर ओळीनं मांडून ठेवायचे, असं काकाजींचं रोज चाललेलं असायचं. माझ्या मिरचीनं ते सोळाच्या सोळा खोलीभर पांगले. मी गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत वेचत होते. नऊ सापडले. दर खेपेला मी "हा घ्या" म्हटलं की काकाजी तो पदर उजेडात धरून पाहायचे आणि "हा झाडूचा हाये" म्हणून परत द्यायचे.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. नवरा शाळामास्तर, सासू-सासरे दोघंही गेलेले, आणि घरात एक लग्नाची नणंद. आम्ही पुढच्या दोन खोल्यांत, काकाजी-काकू मागच्या दोन खोल्यांत, आणि मधे सामायिक आंगण. काकाजी निवृत्त मोजणीदार होते. तीस वर्षं त्यांनी साखळी ओढत अख्ख्या जिल्ह्यातली वावरं मोजली, धुऱ्यांची, म्हणजे शेताच्या बांधांची, भांडणं तोडली, आणि निवृत्त झाल्यावर मोजणीचं तीन पायांचं टेबल घरी आणून त्यावर कापड ताणलं आणि कशिदा काढायला बसले. सहा फूट उंची, पांढऱ्या झुपकेदार मिशा, अंगात खाकी कोट. असा माणूस सुई घेऊन बसलेला पाहिला की नवा पोस्टमन हमखास दारात थबकायचा. कोणी म्हणालंच, की काकाजी हे तर बायकांचं काम, तर ते म्हणायचे की मी जल्मभर लोखंडाचा धागा ओढला, आता रेशमाचा ओढून राह्यलो, त्यात तुह्यं काय गेलं?

हातांचं तर त्यांनी जे थेर मांडले होते ते विचारू नका. हात खरबरीत झाला की रेशीम अडकतं, म्हणून ते विहिरीचा दोर धरायचे नाहीत, सरपणाला हात लावायचे नाहीत, आणि रोज सकाळी बेसन अन् लिंबू घेऊन मनगटापर्यंत हात चोळत बसायचे. पाणी काकू ओढायच्या. त्या मला स्वतःचे तळवे दाखवायच्या आणि म्हणायच्या, की पाहून घे, या घरात नवऱ्याचे हात नवरीचे अन् बायकोचे हात गड्याचे. पण त्यांच्यासाठी बेसन चाळून द्यायच्या त्याच, तेही दोनदा.

या सगळ्याच्या मुळाशी एक चिनी माणूस होता. स्वातंत्र्याच्या बरंच आधी बाभुळगावकडे मोजणी चालू असताना काकाजींच्या तंबूपाशी एक चिनी फेरीवाला आला. सायकलला रेशमी कापडांचं बोचकं बांधलेलं, आणि अंगात ताप फणफणलेला. काकाजींनी त्याला चार दिवस तंबूत ठेवून घेतलं, ज्वारीची पेज पाजली, कुनैन दिलं. जाताना त्यानं बोचक्याच्या तळातून वीतभर रेशमाचा तुकडा काढून काकाजींच्या हातावर ठेवला. त्यावर एक तांबडी मासळी होती, सोनेरी परांची, पाण्यात वळलेली. काकाजी ती उलटी करून मागचा भाग पाहायला गेले, तर मागेही तीच मासळी. तेच खवले, तोच डोळा. गाठ नाही, धाग्याचं टोक नाही. फेरीवाल्याला दहा-बारा शब्द हिंदीचे येत होते. तो हसून म्हणाला, "दोनो तरफ सीधा, साब. उल्टा नहीं."

हे वाक्य मी काकाजींच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. कोणीही नवा माणूस घरी आला, मग तो म्हशीचा व्यापारी का असेना, की पेटी उघडायची, मऊ मलमलमधून मासळी निघायची, आणि पाहुण्यानं हात पाठीमागे बांधून ती पाहायची. ज्या बाईनं ती काढली तिच्याबद्दल काकाजी असे बोलायचे जसे काही ती शेजारच्या आळीत राहते. ती पहाटे उठून आधी आपली बोटं पाहत असेल, म्हणायचे. दुपारी खिडकीशी बसत असेल. आणि तिच्या घरी दोन ते चार कोणी फोडणी देत नसेल, हे माझ्याकडे पाहून. काकू त्या मासळीला "माही सवत" म्हणायच्या. कधी काकाजी जेवायला उठेनात, तर काकू पदर खोचून विचारायच्या, तुमचं ताट चीनमध्ये पाठवू काय?

पुढं बासष्टमध्ये लढाई झाली तेव्हा आमच्या यांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी काकाजींना चारचौघांत सुनावलं, की आता त्या चिनी बाईची तारीफ बंद करा. काकाजी म्हणाले, की धुऱ्याची भांडणं मी तीस वर्षं पाह्यली. भांडण धुरेवाल्यांचं असते, घरात सुई घेऊन बसलेल्या बाईचं नसते. आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातातली दोन चांदीची कडी उतरवून संरक्षण निधीत देऊन आले. ती आपली नव्हती, बायकोची होती, एवढं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत.

मासळीत उलटी बाजू नव्हती, म्हणूनच की काय, त्यांना बाकी सगळ्या जगाची उलटी बाजू पाहायची खोड लागली होती. कुणाच्या घरी गेले की पाणी पिण्याआधी उशीचा अभ्रा उलटा करायचे. एकदा तहसीलदारांकडे जमिनीच्या कामाला गेले. तिथं खुर्चीच्या पाठीवर तहसीलदारीणबाईंनी भरलेला पोपटाचा रुमाल होता. काकाजींनी तो उचलला, उलटा केला, आणि तहसीलदारांनाच म्हणाले, की साहेब, तुमचा पोपट पुढून बोलते अन् मागून रडते. काम झालं नाही. पण घरी आल्यावर काकूंना त्यांनी सांगितलं ते कामाचं नाही, पोपटाच्या मागे किती गाठी होत्या ते.

आणि त्यांची स्वतःची उलटी बाजू? ती चांगली होती, पण मासळीसारखी नव्हती. वीस वर्षं ते एकच शोधत होते, की त्या बाईनं धागा सुरू कुठं केला आणि संपवला कुठं. सुरुवात लपवल्याशिवाय कशिदा होत नाही, म्हणायचे, पण तिनं लपवली कुठं? भिंग घेऊन बसायचे. नकला करून पाहायचे. दर खेपेला पुढची मासळी चांगली यायची आणि मागची वांग्यासारखी दिसायची.

त्यांनी स्वतः केलेला एक मोठा रुमाल मात्र अख्ख्या दारव्ह्यात प्रसिद्ध होता. चहाच्या डब्यावर एक चिनी फूल छापलेलं होतं, पुष्कळ पाकळ्यांचं, गुलाबी. ते फूल काकाजींनी कधी पाहिलं नव्हतं, आपल्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी जीव ओतून ते भरलं. भरगच्च काम होतं, पण गावानं त्याला नाव दिलं कोबी. त्या काळी मुलगी पाहायला आले की चहा-चिवड्यानंतर तिच्या हातचं भरतकाम मागायचेच. आणि घरोघरच्या पोरींच्या हातात असायचं काय, तर एक अर्धवट ससा. मग आया यायच्या काकाजींकडे कोबीचा रुमाल मागायला.

काकाजी द्यायचे. पण एक अट. मुलीनं स्वतः यायचं, त्या तीन पायांच्या टेबलाशी बसायचं, आवडेल तो रंग घ्यायचा आणि त्या रुमालात एक टाका घालायचा. एकच. मग ते म्हणायचे, "आता कोणी विचारलं तं सांगजो, माहा हात आहे यात. खोटं नाही होत." तीस वर्षांत खोटा पंचनामा केला नाही, आता लग्नासाठी काहून करू, असं त्यांचं म्हणणं. पोरी धडधडत्या काळजानं टाका घालायच्या, तो वाकडा पडायचा, आणि काकाजी तो कधी उसवायचे नाहीत. माझ्या वेळेपर्यंत कोबीच्या पाकळ्यांत बारा-तेरा असे परके टाके झाले होते. त्यांना एकेक ओळखू यायचा. हा सोनाराच्या पोट्टीचा, हात गार पडले होते. हा पटवाऱ्याच्या लेकीचा, तिले ते स्थळच नको होतं, पाहा टाका कसा रागानं ओढला. मी त्यांची यावरून पुष्कळ थट्टा करायची. एका टाक्यानं पाप धुतलं जातं का काकाजी, म्हणायची. ते पुढचा धागा ओवायला घ्यायचे.

आता माझ्या नणंदेचं. तिला साठ सालापर्यंत तीन स्थळांनी नकार दिला होता. उंच होती, सावळी होती, आणि विचारलं तेवढंच बोलायची. मॅट्रिक झालेली, हिशेबात भल्याभल्यांना हरवायची, पण सुईचं नाव काढू नका. आणि खोटं म्हणाल तर तिला बोलताच यायचं नाही. हा तिचा सगळ्यात मोठा अवगुण. तिसऱ्या वेळी मुलाच्या आईनं विचारलं होतं की चिवडा कोणी केला, तर ही म्हणाली वहिनीनं. आई-बाप नसलेल्या मुलीचं लग्न राहिलं की लोक कोणाला बोलतात? भावजयीला. विहिरीवर बायका माझ्यादेखत म्हणायच्या, की भावजयीला फुकटची मोलकरीण झाली, ती कायले उजवते तिले. मी घरी येऊन भांडी आपटायची.

त्या वर्षी थंडीत काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ते तीन वर्षं टाळत आले होते, घाबरत होते सरळ सरळ. शेवटी एक दिवस मासळी डोळ्यांपुढे धरली आणि तिचा डोळाच दिसेना, तेव्हा कबूल झाले. छोट्या आगगाडीनं काकूंसोबत यवतमाळच्या दवाखान्यात गेले. जाताना मला म्हणाले, की आता नवे डोळे आणतो अन् त्या बाईची सुरुवात शोधूनच काढतो. किल्ल्या माझ्यापाशी ठेवून गेले.

चौथ्या दिवशी आमच्या यांच्या हाती निरोप आला. वणीचे पाहुणे उद्या सकाळी येत आहेत, मुलगी पाहायला. मुलगा कापसाच्या जिनात कारकून, घर चांगलं, मागण्या नाहीत. मी मागच्या खोलीत गेले, पेटी उघडली, तर कोबीचा रुमाल नाही. बाभुळगावला कोणाच्या तरी भाचीला पाहायला येणार म्हणून गेलेला. पेटीत दोऱ्यांचे डबे होते आणि मलमलमधली मासळी होती.

मी फार विचार केला असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? मी मासळी उचलली. मनात म्हटलं, घटकाभर दाखवायची आणि परत ठेवायची, कोण येतंय पाहायला. ती नणंदेच्या हातात दिली आणि सांगितलं, की हे तुझं काम म्हणायचं, आणि एकदा तरी तोंडातून नीट खोटं काढ. सकाळी मी चिवडा परतत होते तेव्हा तिनं मागच्या खोलीची किल्ली मागितली, सुई हवी म्हणाली. मला वाटलं, पोलक्याचा हूक तुटला असेल. किल्ली दिली.

पाहुणे आले. मुलाची आई ठसठशीत बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज मांडवभर जाईल असा. चहा झाला, चिवडा झाला, आणि मी मासळी पुढे केली. बाईंनी ती पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि त्यांचा आवाजच बसला. नणंदेकडे वळून हळूच विचारलं, "हे तुह्या हातचं हाये?"

नणंद मान खाली घालून उभी होती. मग ती म्हणाली, "माझा हात आहे यात."

काकाजींचं वाक्य! शब्दशः. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की पोरगी शिकली एकदाची. बाईंनी तिथंच पसंती सांगितली. वरून म्हणाल्या, की ही मासळी मी घेऊन जातो, आमच्या लोकायले दाखवतो, असं काम आमच्या वणीत कोणी पाह्यलं नसंन. आणि माझ्या हातून ती घेऊन आपल्या लुगड्याच्या घडीत ठेवली. मी "नको" कशी म्हणणार? नवरीच्या हातचं काम सासूनं मागितलं आणि भावजयीनं ओढून घेतलं, असं कधी झालंय? मी हसले.

काकाजी परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. चष्मा महिना-दीड महिन्यानं मिळणार होता. तो दीड महिना मी कसा काढला माझं मला ठाऊक. रोज ते आंगणात बसून मला सांगायचे, की चष्मा आला की पहिलं तोंड मासळीचं पाहीन, काकूचं मंग. काकू म्हणायच्या, पाहा बाप्पा सवतीचंच. आणि मी चुलीत फुंकर घालत बसायची, डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर खपवत.

चष्मा आला. जाड भिंगाचा, डोळे बैलासारखे मोठे दिसायचे त्यातून. ते पेटीकडे निघाले तशी मी आडवी आले आणि सगळं सांगून टाकलं. नणंद त्या वेळी घरी नव्हती, ते बरं झालं असं मला वाटलं. काकाजी पेटीवर हात ठेवून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पोरीनं टाका घातला होता?"

"तुमच्या चिनी मासळीत टाका कोण घालणार काकाजी!"

"मंग ते खोटं झालं," ते म्हणाले, आणि पेटी न उघडताच जाऊन बाजेवर बसले.

रागावले असते तर मला चाललं असतं. मी रडले, म्हटलं, लग्न मोडलं तरी चालेल, मी वणीला जाऊन मागून आणते. त्यावर ते चिडले मात्र. म्हणाले, की कापडाच्या तुकड्यासाठी पोरीचं लग्न मोडाले मी काय कसाई आहो? पण मले लग्नात बोलावू नको. मले कोणी विचारलं तं मी खोटं नाही बोलणार, अन् खरं बोललो तं तुह्यं वाटोळं. मी आपला माह्या खोलीत बसतो. पुढचे दोन महिने टेबलावरचं कापड तसंच ताणलेलं राहिलं. दोन ते चार काकू म्हणायच्या, घे व, दे फोडणी, आता काही उडत नाही. मी दिली नाही.

लग्न त्यांच्याच आंगणात. मांडव दाराला लागून, आणि काकाजी आत, दार लावून. रुखवत मांडलं होतं पूर्वेच्या भिंतीशी. आमच्याकडचं रुखवत गरिबीचंच, लाडू-करंज्या, दोन विणलेली ताटझाकणं, तीही मीच विणलेली. वऱ्हाड आलं आणि विहीणबाईंनी आल्या आल्या आपल्या लुगड्याच्या घडीतून मासळी काढली आणि रुखवताच्या मधोमध ताटात ठेवली. सुनेचं काम आहे, म्हणाल्या, मधात पाह्यजे. अर्ध्या दारव्ह्यानं ती मासळी पाहिलेली, हात पाठीमागे बांधून! बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. पण एक सांगते, त्या दिवशी आमच्या आळीतली एकही बाई बोलली नाही. त्यातल्या कितीजणींच्या लेकी कोबीवर उजवल्या होत्या ते त्यांनाच ठाऊक.

बोलल्या त्या विहीणबाईच. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की घरमालक भरतकामातले मोठे जाणकार आहेत. त्यांनी मांडवातूनच हाक मारली, की मालकाले बोलवा, आमच्या सुनेचं काम त्यायले दाखवू. मी काहीबाही सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजेड सोसत नाही. बाई कुठल्या ऐकतात! स्वतः जाऊन दार वाजवलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मांडवात, विहिणीला नाही कसं म्हणणार? काकाजी बाहेर आले. खाकी कोट, जाड चष्मा. बाईंनी मासळी त्यांच्या हातावर ठेवली आणि विचारलं, की तुम्ही जाणते आहात, सांगा, पोरीचं काम कसं आहे?

काकाजी मांडवाबाहेर उन्हात गेले. मासळी नाकाशी धरली. नव्या डोळ्यांनी ते तिला पहिल्यांदा पाहत होते. किती वेळ पाहत होते सांगता येत नाही, सनईवाले थांबले होते एवढं आठवतं. त्यांनी ती उलटी केली. पुन्हा सुलटी केली. पुन्हा उलटी केली आणि अंगठा शेपटीवर नेऊन तिथंच थांबवला. मी नणंदेकडे पाहिलं. मुंडावळ्यांखाली ती पांढरी पडली होती.

काकाजी परत आले, मासळी विहीणबाईंच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीचा हात आहे यात. मी ओळखतो."

विहीणबाई फुलून गेल्या. सनई सुरू झाली. मी भिंतीशी तोंड करून रडून घेतलं. संध्याकाळी वऱ्हाड गेलं, मासळीही रुखवताबरोबर वणीला गेली, तेव्हा मी काकाजींच्या पाया पडले. म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात. ते म्हणाले, "मी कुठं खोटं बोललो?" आणि हात धुवायला बेसन मागितलं.

मला काहीच उलगडा झाला नाही. म्हाताऱ्यानं मोठेपणानं झाकलं, एवढंच मी धरून चालले.

दिवाळीला नणंद आली. आपल्या पेटीतून मासळी काढून तिनं सरळ काकाजींपुढे ठेवली. सासूला तिनं लग्नानंतर आठव्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं. तिच्या पोटात राहणार थोडंच. सासू दोन दिवस अबोला धरून बसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, की मले पाहाले आले तेव्हा मीबी मावशीचा रुमाल दाखवला होता, जा, ज्याची त्याले देऊन ये. हे सांगताना नणंद हसली नाही. ती काकाजींना म्हणाली, "मी तुमची मासळी खराब केली."

आणि शेपटीवर बोट ठेवून तिनं दाखवलं. केशरी धाग्याचा एक टाका. बारीक केलेला नाही, अख्खा धागा, वाकडा, गोणपाट शिवताना घालतात तसा. मागच्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढी गाठ. त्या सकाळी माझ्याकडून किल्ली घेऊन ती मागच्या खोलीत गेली होती, ती यासाठी. खोटं बोलणं जमणार नव्हतं, म्हणून. आणि एवढी मोलाची वस्तू नासवली, या भीतीनं तिनं ते मलाही सांगितलं नव्हतं. मी मात्र तिला खोटं शिकवलं म्हणून खूष होते. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की मी उठून काकूंची कैची आणली. म्हटलं, एकच तर टाका आहे काकाजी, अल्लद कापते, कळणारसुद्धा नाही.

"ठेव ती कैची," ते म्हणाले.

मासळी त्यांनी मांडीवर उलटी ठेवली होती, गाठ वर. अंगठा त्या गाठीवरून फिरवत होते.

"वीस वर्सं झाले मी पाहून राह्यलो, याची उलटी बाजू कोणती. त्या बाईनं सापडूच नाही दिली. आता हाये." त्यांनी गाठ नणंदेला दाखवली. "हे पाहा. इथून तू आली."

नणंद तेव्हा रडली. काकू म्हणाल्या, दिवाळीचं रडू नये व, पण त्यांचाही पदर डोळ्याला होताच. काकाजी उठले, टेबलावरचं कापड काढलं आणि तिथं मासळी ताणून बसवली, गाठ वरच ठेवून. डब्यातून केशरी धागा घेतला. जाड चष्म्यातून पाहत सुई ओवली, पहिल्याच खेपेत. मला वाटलं, आता तिच्या टाक्याच्या बाजूला आपला एक सुरेख टाका घालणार. त्यांनी सुई माझ्यापुढे धरली.

"मासळी पेटीतून कोणी काढली?"

"मी," मी म्हटलं.

"मंग पोरीच्या टाक्यावर तुह्यं कसं भागन, सूनबाई? घाल."

मी दोन वर्षं त्यांच्या टाक्यांची थट्टा केली होती. बसले. हात पुसले, पुन्हा पुसले. रेशीम इतकं ताठ होतं, की सुई आत जाताना आवाज आला. माझा टाका नणंदेच्याही टाक्यापेक्षा वाकडा पडला, आणि गाठ मारायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. काकाजींनी कापड सोडवलं, उजेडात नेलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"हात गार पडले होते," ते म्हणाले, आणि मासळी मलमलमध्ये गुंडाळून ठेवायला माझ्या हातात दिली.